डाव्या खांद्यावरची बंदूक

आबांची, म्हणजे माझ्या सासऱ्यांची, बंदूक आमच्या घरात माझ्याही आधीपासून होती. एकनळी, बारा बोअरची, पीकसंरक्षणाच्या परवान्यावरची. माजघरातल्या लोखंडी कपाटात कुलपात असायची. दसऱ्याला बाहेर निघायची, पाटावर बसायची, हळदकुंकू आणि झेंडू घेऊन परत कपाटात जायची. कुंकू मी लावायचे. तेल देणं, नळी पुसणं हे काम आबांचं. वीस वर्षं मी त्या बंदुकीची पूजा केली, पण उचलली एकदाही नाही.

आमचं गाव जांब समर्थ, तालुका घनसावंगी. समर्थ रामदासांचा जन्म इथला, १६०८ च्या रामनवमीचा. बोहल्यावर ‘सावधान’ ऐकलं आणि मुलगा पळाला, ही गोष्ट आमच्या पोरांना पाळण्यातच कळते. ऑगस्ट २०२२ मध्ये इथल्याच राममंदिरातल्या जुन्या मूर्ती चोरीला गेल्या. समर्थ ज्यांची पूजा करायचे त्याच ह्या मूर्ती, असं गाव मानतं. त्या दिवसांत चुली नावाला पेटल्या. दोन महिन्यांनी मूर्ती सापडल्या, पण तोवर ज्याच्या त्याच्या तोंडी कुलपं, कॅमेरे आणि बंदुका. ‘देवालाच राखण नाही तर आपलं काय,’ असं आबा म्हणायचे आणि रात्री दोनदा उठून कपाटाचं कुलूप ओढून बघायचे. दिवाळी झाली आणि आबा गेले.

तेराव्याची पंगत उठते न उठते तोच ठाण्यातून निरोप आला. परवानाधारक वारला की हत्यार घरात ठेवता येत नाही, जमा करा. दीर जाऊन ठेवून आले. मग प्रश्न निघाला, आता परवाना कोणाच्या नावे? दीर चाकणला. हे साखर कारखान्यात. गळीत हंगामात रात्रपाळी, आणि नेमकी त्याच दिवसांत डुकरं हरभऱ्यात. म्हणजे राखणीला शेतातल्या आखाड्यावर कोण, तर मी आणि सालगडी. ह्यांनीच विषय संपवला. म्हणाले, “मी बार लावला तर आपल्याच पायावर लावीन. तूच कर अर्ज.”

आत्याबाईंनी, म्हणजे सासूबाईंनी, दोन दिवस बोलणं सोडलं. तिसऱ्या दिवशी भाकरी थापता थापता म्हणाल्या, “पूजा करायची ती वस्तू हातात घेऊन हिंडायची का माय?”

वारसाच्या नावे परवाना मिळतो. मूळ धारक वारला तर मिळतोच. तो सत्तरीला पोचला किंवा हत्याराला त्याच्याकडे पंचवीस वर्षं झाली, तर त्याच्या हयातीतही मिळतो. हे मला माहीत झालं ते कागद घेऊन फिरता फिरता. एका कार्यालयात टेबलामागच्या माणसानं अर्ज वरून खालून बघितला आणि तो म्हणाला, “मालकांना पाठवा.” मी म्हटलं, “मालक वारले, म्हणूनच आले.” त्यानं माझ्या कपाळाकडे पाहिलं, कुंकू पाहिलं आणि गोंधळला. बंदुकीचे मालक, असं सांगावं लागलं. मग त्यानं सांगितलं की २०१६ च्या नियमांनुसार हत्यार सुरक्षित हाताळण्याचं प्रशिक्षण घेतल्याचं प्रमाणपत्र लागेल. मला वाटलं, ह्या बाईनं परत येऊ नये म्हणून सांगतोय. पण नियम खरंच तसा आहे, आणि आता मला वाटतं, बरं झालं तो आहे.

२०२३ च्या उन्हाळ्यात मी शिकायला गेले. पहाटेची एसटी, डब्यात भाकरी आणि ठेचा. चांदमारी म्हणजे माळावर मातीचा एक उंच बांध, त्याच्यापुढे लाकडी चौकटी, त्यांवर कागद. शिकणारे आम्ही अकरा, त्यात बाया तीन. एक मी. दुसऱ्या सराफाच्या घरच्या, त्यांना रिव्हॉल्व्हर हवं होतं. तिसरी चोवीस वर्षांची पोरगी, पोलीस भरतीत दोनदा थोडक्यात हुकलेली. बंदूकधारी रक्षकाची नोकरी मिळेल म्हणून आलेली. शिकवणारे फौजेतून निवृत्त झालेले. त्यांना सगळे ‘उस्ताद’ म्हणायचे. आम्हीही म्हणू लागलो.

पहिल्या दिवशी बार एकही नाही. उस्तादांनी टेबलावर एक बंदूक ठेवली आणि एका जाड्या गृहस्थांना विचारलं, भरलेली आहे का? ते म्हणाले, नाही. “कशावरून?” “तुम्ही रिकामीच आणली असणार.” उस्तादांनी बंदूक मोडली, म्हणजे बिजागरीपाशी खाली दुमडली, आणि आतून पितळी बुडाचं काडतूस बाहेर आलं. बनावट होतं, पण आमच्या पोटात गोळा आला तो खराच. त्यानंतर चार दिवस कोणीही बंदूक हातात घेतली की आधी मोडून आत बघायचा, बोट घालून चाचपायचा, मग शेजाऱ्याला दाखवायचा. शेजारी पण बघायचा. माझी तर सवयच झाली. हल्ली कुकरचं झाकण लावायच्या आधीही मी शिट्टीच्या भोकातून उजेड बघते.

बारा बोअर म्हणजे काय, हे त्यांनी विचारलं तेव्हा अकरा तोंडं बंद. आबांनी चाळीस वर्षं वापरली, त्यांनाही माहीत असेल असं वाटत नाही. नळीच्या मापाच्या शिशाच्या गोळ्या ओतल्या तर एका पौंडात बारा बसतात, म्हणून बारा बोअर. आकडा जितका लहान तितकी नळी मोठी. मला ते फार आवडलं. आमच्याकडे ज्वारी पायलीनं मोजायचे, तसंच हे मोजणं. काडतुसं पुण्याजवळच्या खडकीच्या कारखान्यातली. मला वाटायचं ती परदेशातून येतात.

दुसऱ्या दिवशी नेम. उस्ताद फौजी हिंदीत बोलायचे. “मजबूत पकड, दुरुस्त शिस्त, सही ट्रिगर.” मला वाटलं, शिस्त म्हणजे रांगेत उभं राहणं, वेळेवर येणं. बाकीच्यांनाही तेच वाटलं. ती भरतीवाली पोरगी तर ताठ उभी राहिली. उस्ताद हसले. शिस्त घेणं म्हणजे नेम धरणं. खाच, माशी आणि लक्ष्य एका रेषेत आणणं. माझं बी.ए. मराठीतलं, तरी हे मला नवीन. जुन्या मराठीतही शिस्त शब्दाचा हाच अर्थ आहे, फारशीतून आलेला. तोफेची शिस्त धरत असत. शाळेच्या फळ्यावर लिहिलेली शिस्त त्याच्या नंतरची. पुढे चार दिवस मला शाळेतल्या मास्तरांचा प्रत्येक ‘शिस्त पाळा’ नव्यानं ऐकू येत होता.

माझी शिस्त मात्र काही केल्या लागेना. आधी पॉइंट टू टू रायफल दिली होती, छोट्या गोळीची, धक्का नसणारी. पोत्यावर पालथं पडून पाच गोळ्या. माझ्या पाचही कागदाच्या डाव्या कडेला, दोन तर शेजारच्या सराफीणबाईंच्या कागदावर. त्यांना सात भोकं पडली म्हणून त्या खूश. उस्तादांनी मला उठवलं आणि लांबच्या विजेच्या खांबासमोर अंगठा धरायला लावला. दोन्ही डोळे उघडे. मग म्हणाले, डावा मीट. अंगठा खांबावरून टुणकन उडाला. उजवा मीट. अंगठा जागच्या जागी.

“ताई, तुमचा मालक डोळा डावा आहे.”

माणसाचा एक हात जसा प्रधान, तसा एक डोळाही प्रधान असतो. बहुतेकांचा हाताच्याच बाजूचा. माझा उलटा. उजव्या खांद्यावर दस्ता ठेवून मी नेम धरत होते, आणि बघत होता डावा डोळा. एक्केचाळीस वर्षं ह्या डोळ्यांनी सुईत दोरा ओवला, तांदूळ निवडले, आणि घरात मालक कोण हे मला चांदमारीवर कळलं. उस्तादांचा उपाय, बंदूक डाव्या खांद्यावर. भाकरी उजव्या हातानं, लिहिणं उजव्या हातानं, आणि बंदूक डावरी. पहिल्यांदा असं वाटलं की लुगडं उलटं नेसलंय.

घरी सरावाला बंदूक कुठली? ती ठाण्यात. मी मुसळ घेतलं. वजन साधारण तेवढंच, तीनेक किलो. रात्री भांडी घासून झाली की परसात उभी राहून मुसळ डाव्या खांद्याला लावायचं आणि लिंबाच्या खोडावरच्या चुन्याच्या ठिपक्यावर शिस्त धरायची. मोठी मुलगी कॉलेजात एनसीसीत आहे. तिनं माझ्या आधी पॉइंट टू टू चालवलेली. ती ओट्यावर बसून हुकूम सोडायची, “आई, कोपर आत! श्वास अर्धा सोड, मग थांब. चाप ओढायचा नाही, दाबायचा.” अंजली भागवतही एनसीसीतूनच पुढे आली, आणि कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंतनं २०१० मध्ये म्युनिकला जागतिक सुवर्ण घेतलं, सहाशेपैकी ५९७ गुण, असं ती मला ऐकवायची. मी म्हटलं, त्यांना मुसळावर बसवून दाखव.

तिसऱ्या दिवशी बारा बोअर. पहिला बार लावला आणि वाटलं म्हशीनं शिंग मारलं. दस्ता खांद्याच्या खोबणीत घट्ट नव्हता, बोटभर फट राहिलेली, तेवढी पुरली. दुसऱ्या बाराला मी डोळे मिटले. तिसऱ्यालाही. मान्य मात्र करेना. उस्ताद काही बोलले नाहीत. पुढची काडतुसं त्यांनी स्वतः भरायला सुरुवात केली, मला दिसू न देता. कधी खरं, कधी बनावट. मी चाप दाबला, नुसतं ‘टक्’ झालं, आणि नळी एवढी खाली गेली की जणू मी जमिनीलाच नमस्कार केला. बार झालाच नव्हता. धक्का यायच्या आधीच मी धक्क्याला भिऊन बंदूक ढकलत होते. सगळे हसले. मलाही हसू आलं आणि नंतर रडू. ‘टक्’ला नळी हलायची थांबेपर्यंत त्यांनी मला तेच करायला लावलं. पंधरावीस वेळा. शेवटी शेवटी मला खरंच कळत नव्हतं आत काय आहे, आणि तसंच व्हायला हवं होतं.

त्या रात्री खांद्यावर जांभळं बशीएवढं उमटलं होतं. आत्याबाईंनी पोलक्याची बाही सरकवून बघितलं. काही न बोलता उठल्या, हळद आणि तूप गरम करून आणलं, आणि लावता लावता म्हणाल्या, “त्यांच्या बी खांद्याला असंच व्हायचं. मी कोणाला सांगितलं नाही.” आबांबद्दल त्या एवढं सलग पहिल्यांदाच बोलल्या.

सराफीणबाईंचा प्रश्न वेगळा. दागिन्यांची ने-आण, म्हणून पर्समध्ये मावेल असं हत्यार हवं. बायांसाठी म्हणून २०१४ मध्ये कानपूरच्या आयुध कारखान्यानं ‘निर्भीक’ नावाचं .३२ बोअरचं रिव्हॉल्व्हर काढलं होतं. वजन अर्धा किलो, किंमत तेव्हा १ लाख २२ हजारांच्या आसपास. त्याचं कात्रण त्या जपून घेऊन आलेल्या. उस्ताद म्हणाले, ठीक. रिकामं रिव्हॉल्व्हर त्यांच्या पर्समध्ये ठेवलं, चेन लावली आणि स्वतः दहा पावलांवर जाऊन उभे राहिले. “मी येतो, तुम्ही काढा.” ते पळाले नाहीत, नुसते भराभर चालत आले. चेन अर्ध्यात अडकली. हातात आधी किल्ल्यांचा जुडगा आला, मग रुमाल, मग गोळ्यांची पाकिटं, रक्तदाबाची. रिव्हॉल्व्हर निघालं तेव्हा उस्ताद पर्सचा पट्टा धरून उभे होते. आणि नळी बाईंच्या स्वतःच्या पोटाकडे.

मग त्यांनी नियम सांगितला. सार्वजनिक ठिकाणी रिव्हॉल्व्हर न्यायचं तर होल्स्टरमध्ये किंवा तशाच पिशवीत, पूर्ण झाकून, आणि आपल्या पक्क्या ताब्यात. दाखवत फिरायचं नाही. लग्नात बार लावला तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. चोर पळत सुटला आणि तुम्ही पाठीत गोळी घातली, तर कोर्टात तुम्ही उभ्या. माझ्याकडे वळून म्हणाले, “आणि ताई, बंदुकीचा परवाना म्हणजे डुकराचा परवाना नाही. त्याला वनखात्याची वेगळी परवानगी.” मी विचारलं, मग मी शिकतेय कशाला? ते म्हणाले, “घरात ठेवायला शिकताय.” तेव्हा मला राग आला होता. बस, काडतुसं, चार दिवसांची मजुरी, सगळं डोळ्यांसमोर आलं.

सराफीणबाई शेवटच्या दिवशी आल्या नाहीत. दुकानाला नवीन शटर आणि दोन कॅमेरे बसवले, असं नंतर कळलं. भरतीवाल्या पोरीचा गट सगळ्यात चांगला आला, पाचही भोकं बांगडीच्या आत. माझी बशीत बसली.

परवाना हातात आला तो जानेवारी २०२४ मध्ये. बंदूक घरी आली, आत्याबाईंनी ओवाळली. हरभरा निघेपर्यंत मी आखाड्यावर तिला एकदाही खांद्याला लावली नाही. पत्र्याचा डबा आणि सुतळी बॉम्ब यांनीच डुकरं पळत होती. १६ मार्चला लोकसभेची आचारसंहिता लागली आणि ठाण्यातून निरोप आला, परवानाधारकांनी हत्यारं जमा करावीत. ह्यांना म्हटलं, मीच जाते.

ओळीत सगळे पुरुष. फेटेवाले, टोपीवाले, एक बिल्डर. मी गिलाफातून बंदूक काढून टेबलावर ठेवली. टेबलावरच्या हवालदारानं ती उचलली, नळी सरळ माझ्या पोटावर, आणि दुसऱ्या हातानं रजिस्टर शोधू लागला. मी एक पाऊल बाजूला झाले आणि म्हटलं, “दादा, तोंड खाली करा आधी. मग मोडा.” मागे कोणीतरी खाकरलं. त्यानं मोडली, आत बघितलं. मीही वाकून बघितलं. रिकामी. नळीतून पलीकडचा उजेड दिसत होता, तेल नीट पुसलेलं होतं.

पावतीवर त्यानं आधी ‘श्री’ लिहिलं. मग माझ्याकडे बघितलं, आणि पुढे ‘मती’ जोडलं.