पूर्ववत

अनुवाद शिकवताना मी वर्गात कायद्याची भाषाही नेतो. त्यातला माझा आवडता उतारा न्यूयॉर्क राज्याच्या घटनेतील आहे. अ‍ॅडिरॉन्डॅक आणि कॅट्सकिल डोंगरांतले राज्याच्या मालकीचे राखीव अरण्य सदैव वन्यच राहावे. ते विकू नये, भाड्याने देऊ नये, त्याची अदलाबदलही करू नये, अशा आशयाचे हे कलम १८९५ पासून लागू आहे. यातला 'सदैव' हा शब्द शोभेचा नव्हे. १९३२ च्या हिवाळी ऑलिंपिकसाठी बर्फावरल्या घसरगाडीचा मार्ग बांधायचा, तर सुमारे अडीच हजार झाडे पडणार होती. १९३० साली न्यायालयाने ती पाडू दिली नाहीत. अपवाद हवाच असेल तर घटनादुरुस्ती करावी लागते: ती लागोपाठच्या दोन विधिमंडळांनी मंजूर करायची आणि मग सर्व राज्यातील मतदारांना विचारायचे.

५ नोव्हेंबर २०१३ रोजी असेच विचारले गेले. एसेक्स परगण्यातील लुइस येथे निको मिनरल्स या कंपनीची वोलास्टोनाइट या खनिजाची खाण होती. तिला लगतची २०० एकर अरण्यभूमी हवी होती. कागदोपत्री तिचे नाव 'लॉट ८'. (अरण्याला क्रमांक दिला की निम्मे काम होते, असे मला उगाच वाटत राहते.) मोबदल्यात कंपनी निदान तेवढीच आणि निदान तेवढ्याच किमतीची, किमान दहा लाख डॉलरची जमीन देणार होती, शिवाय खाणकाम संपल्यावर घेतलेली भूमी 'पूर्ववत' करून परत करणार होती.

मतपत्रिकेवरचा हा प्रश्न मराठीत आणताना माझी लेखणी अडते ती या शेवटच्या शब्दाशी. 'पूर्ववत' म्हणजे कोणत्या पूर्वीसारखे? खोदलेला खडक भरून काढता येईल, रोपेही लावता येतील. पण ज्या अरण्याला आजवर कुणी हात लावला नाही, त्याचे ते अस्पर्शित असणे कोणत्या कंत्राटाने परत करायचे?

सुमारे ५३ टक्क्यांनी होकार दिला. त्यांना मी लोभी म्हणणार नाही. स्थानिकांच्या पोटापाण्याचा प्रश्न खरा होता, आणि अ‍ॅडिरॉन्डॅक कौन्सिलसारखी संवर्धनवादी संस्थाही दुरुस्तीच्या बाजूने होती. सिएरा क्लब विरोधात. द्यायचे त्याहून मिळायचे अधिक, असा हिशेब मांडलेला असताना नकार देणे अडाणीपणाचे वाटू लागते. प्रश्नाची रचनाच तशी होती. एका बाजूला एकर आणि डॉलर. दुसऱ्या बाजूला 'सदैव', ज्याला एकक नाही.

त्याच वर्षी, जुलै-ऑगस्टमध्ये, ओडिशातील नियमगिरीच्या बॉक्साइटबद्दलही लोकांना विचारले गेले होते. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानुसार ग्रामसभा भरल्या. तिथे राज्यभरातून मतपत्रिका आल्या नाहीत. डोंगराच्या कुशीत राहणारे डोंगरिया कोंध व त्यांचे शेजारी उभे राहून बोलले, आणि डोंगर हा आपला देव असल्याचे त्यांनी सांगितले. बाराच्या बारा ग्रामसभांनी खाण नाकारली.