एक्कीची खोली

क्रिकेटपटू एकनाथ सोळकर आमच्या घरात नुसता ‘एक्की’ होता. पनवेलच्या वाड्यात दोन खोल्यांत दाटीवाटीने वाढलेल्या आम्हा चुलत-आत्ते भावंडांना तो आपल्यातलाच वाटायचा. त्याचे वडील मुंबईच्या हिंदू जिमखान्याचं मैदान राखायचे आणि सगळं कुटुंब तिथेच एका खोलीत राहायचं. सामने चालू असताना एक्की धावफलकाचे आकडे बदलायचा. काकांनी हे सांगितलं आणि अंगणातल्या आमच्या सामन्यात भिंतीवर कोळशाने धावा मांडायला एकदम मान आला. आधी ते काम लिंबूटिंबूकडे असायचं.

१९७१च्या ऑगस्टमध्ये घरात मखराची गडबड चालली होती आणि रेडिओवर इंग्लंडविरुद्धची ओव्हल कसोटी. गणपतीच्या आदल्या संध्याकाळी चंद्रशेखरने ३८ धावांत ६ बळी घेऊन इंग्लंडला १०१ मध्ये गुंडाळलं. त्यातच वेंकटराघवनच्या चेंडूवर एक्कीने पुढे झेपावून ॲलन नॉटचा झेल घेतला. पहिल्या डावात त्याने ४४ धावा केल्या होत्या, ३ बळीही घेतले होते. पण आमच्या डोळ्यांसमोर राहिला तो झेल, तोही न पाहिलेला! दुसऱ्या दिवशी, चतुर्थीच्या संध्याकाळी, भारत जिंकला. आजी रागावेल म्हणून आरतीआधी कुणी ओरडलं नाही. मग आरतीत झांजा अशा वाजल्या की शेजारचे डोकावले.

डोक्यावर हेल्मेट नाही, आणि हा एक्की क्षेत्ररक्षणाला फलंदाजापासून दोन हातांवर उभा. २७ कसोटींत ५३ झेल! मुंबईने मोठमोठे फलंदाज दिले, तरी असं धाडस मी दुसऱ्या कुणात पाहिलेलं नाही.

परवा आम्ही उरलेली भावंडं पनवेलहून लोकलने सीएसएमटीला उतरलो आणि चालत मरीन ड्राइव्हला गेलो. जिमखान्याच्या कुंपणाबाहेर उभं राहून ती खोली कुठे असेल यावर वाद घातला. आत्तेभाऊ म्हणाला, धावफलकाजवळ. ताई म्हणाली, रुळांच्या बाजूला. एक्कीच्या नावाची पाटी काही दिसली नाही. एक्की २००५ साली गेला. निदान रस्त्यावरून वाचता येईल अशी पाटी इथे हवी, आणि तिच्यावर ज्यांनी हे मैदान राखलं त्या धोंडू सोळकरांचं नाव आधी हवं. यावर मात्र आमच्यात वाद झाला नाही.