मामूंची सात नंबरची काठी

आमच्या दाराआड गोल्फची एक जुनी काठी उभी असते. सात नंबरचं आयर्न. मामू पुण्यात चाळीस वर्षं कॅडी होते; काम सोडताना एका साहेबांनी त्यांना ती दिली. आयुष्यभर दुसऱ्यांच्या बॅगा वाहिल्या, स्वतः खेळायला मिळायचं ते मैदान बंद असेल त्या दिवशी.

गोल्फ हा श्रीमंतांचाच खेळ समजला जातो. पण 1991 आणि 1993 साली इंडियन ओपन जिंकणारा अली शेरही दिल्लीत कॅडीच होता. मामू हे असं सांगतात, जणू घरातलंच कुणी जिंकलंय.

गेल्या मेच्या सुट्टीत माझ्या मुलाला गोल्फ शिकायचं होतं. चार दिवसांत तो कंटाळला आणि काठी माझ्या हातात आली. फजरनंतर मोकळ्या मैदानावर मी आणि मामू, सोबत प्लास्टिकचे चेंडू.

काठी मागे नेताना मी ती नुसत्या हातांनी उचलत होते. डावं कोपर वाकायचं, काठी डोक्यामागे लोंबायची आणि चेंडूऐवजी माती उडायची. जितकं जास्त मागे, तितका फटका जोरात, असं मला वाटायचं. खरं तर जोर येतो अंग वळण्यातून. कोपर वाकवून काठी लांब जाते, पण अंग वळतच नाही.

पहिले दोन दिवस मामूंनी मला काठी फक्त कमरेपर्यंत न्यायला लावली. "इथं थांब. काठी जमिनीला समांतर हवी, पात्याचं टोक वर." तिसऱ्या दिवशी म्हणाले, "आता हात विसर. पाठ फिरव. डावा खांदा हनुवटीखाली आला पाहिजे." मग उजवा गुडघा: तो ताठ करायचा नाही, थोडा वाकलेलाच राहू द्यायचा. सगळ्यात शेवटी उजवं कोपर: चहाचा ट्रे धरल्यासारखं, जमिनीकडे.

आठवड्याभराने काठी आधीपेक्षा कमी मागे जात होती आणि चेंडू सरळ उडत होता.

मी विचारलं, "मामू, गुडघ्याची चूक तुम्हाला पहिल्याच दिवशी दिसली असेल ना?"

"दिसली होती बेटा. पण तेव्हाच सांगितली असती, तर खांदापण विसरली असतीस."

मी गप्प झाले. बी.एड.ला आम्हाला सूक्ष्म अध्यापन होतं. एका वेळी एकच कौशल्य, पाच-सहा मिनिटांचा पाठ. परीक्षेत मी त्यावर छान उत्तर लिहिलं होतं. वर्गात मात्र लाल पेन हातात आला की लिंग, विभक्ती, ऱ्हस्व-दीर्घ, सगळं एकाच पानावर. उर्दू माध्यमातल्या माझ्या एका विद्यार्थिनीने दिवाळीपासून निबंधाची वहीच दिली नव्हती. रोज म्हणायची, "मॅडम, घरी राहिली."

जूनमध्ये शाळा उघडल्यावर मी तिला जवळ बोलावलं. म्हटलं, "या महिन्यात आपण फक्त लिंग बघायचं. उर्दूत दोनच लिंगं, मराठीत तीन. किताब 'ती' असली तरी पुस्तक 'ते'. बाकी काही मी तपासणार नाही."

दोन दिवसांनी वही आली. दीड पान लिहिलं होतं. 'ते पुस्तक' बरोबर होतं. ऱ्हस्व-दीर्घ मात्र ओळीओळीला चुकलेले. पेन दोनदा उचलला आणि दोन्ही वेळा खाली ठेवला.