खंय ठेवली?

माझ्या कामाचा एक कंटाळवाणा भाग म्हणजे अ‍ॅपमधली इंग्रजी वाक्यं मराठीत बसवणं. स्क्रीनवर 'डिलीटेड' एवढा एकच शब्द असतो आणि इंग्रजीला तो पुरतो. मराठीत तो एकटा उभाच राहत नाही. फोटो असेल तर 'हटवला', यादी असेल तर 'हटवली', चित्र असेल तर 'हटवलं'. काय हटवलं ते लिहायला जागा नाही, पण क्रियापदाला मात्र ते माहीत असावं लागतं. शाळेत घोकलेला कर्मणी प्रयोग तो हाच. भूतकाळात क्रियापद कर्त्याकडे ढुंकून बघत नाही, कर्माच्या मागे जातं. कर्म गाळलं तरी जातंच.

कर्म गाळायची सवय पुष्कळ भाषांना आहे. फरक पडतो तो गाळल्यावर मागे काय उरतं त्यात. जपानीत 'ते पुस्तक वाचलंस का' या प्रश्नाला नुसतं 'योंदा' म्हणून चालतं, आणि त्या 'योंदा'वर पुस्तकाचा मागमूस नसतो. पोर्तुगीज बोलणारे कर्म सहज गाळतात. शेजारची स्पॅनिश मात्र त्या जागी 'लो' किंवा 'ला' ठेवायला लावते. इंग्रजी याबाबतीत कडक, तरी औषधाच्या बाटलीवर 'शेक वेल' लिहिलेलं असतं. काय हलवायचं? जे हातात आहे ते. हंगेरियनचं मला सगळ्यात आवडतं: 'लाटोक' म्हणजे मी बघतो, 'लाटोम' म्हणजे मी ते बघतो. 'ते' हा शब्द कुठेच नाही, पण काहीतरी ठरावीक आहे एवढं क्रियापद सांगतं.

मराठी त्याहून चोंबडी. 'आणलीस?' या एका शब्दात तू आहेस आणि ती आहे, मग ती पिशवी असो नाहीतर भाजी. फक्त माणसांच्या बाबतीत ती अचानक गप्प होते. 'मुलीला पाहिलं', 'मुलाला पाहिलं'. 'ला' लागला की क्रियापद नपुंसकलिंगी होऊन बसतं. (कांदेपोहे खाऊन आलेले लोक 'मुलगी पाहिली' म्हणतात, तेव्हा त्या वाक्यात मुलगी व्याकरणानेही वस्तूच्या रांगेत बसलेली असते. असो.)

हे सगळं मला तारकर्लीच्या घरात उपयोगी पडेल असं वाटलं नव्हतं. गेल्या दीड वर्षात आजीची नामं गळायला लागली आहेत. क्रियापदं शाबूत आहेत, शिव्या शाबूत आहेत, चुलीपासून विहिरीपर्यंतची पावलं शाबूत आहेत. पण वस्तूंची नावं ऐन वेळी तोंडात येत नाहीत. मग ती नाव सोडूनच विचारते. "खंय ठेवली गो?"

काकी हातातलं काम टाकते आणि 'ली'वाल्या वस्तू धरून निघते. काठी, चावी, पिशवी, तपकिरीची डबी. "खंय ठेवलो?" असेल तर चष्मो, डबो, कोयतो. "ठेवला?" असेल तर पाकीट, लुगडां, औषध. पुण्यात वाढलेल्या माझ्या कानाला हे उलटंसुलटं वाटतं. आमच्याकडे 'लो' म्हणजे मी स्वतः, 'गेलो', 'आलो'. मालवणीत 'तो गेलो', 'तो इलो'. आमचा 'ला' पुल्लिंगी, त्यांचा नपुंसकलिंगी. 'काय झाला?' मधला. किनाऱ्यावर रापण ओढून झाली की लोक 'काय गावला?' विचारतात तोही हाच 'ला'. जाळ्यात काय आहे ते अजून माहीत नाही, म्हणून नपुंसकलिंग. बांगडो दिसला की पुढचं वाक्य आपोआप 'लो'वर जातं.

आजीचं लिंग चुकत नाही. नाव गेलं आणि लिंग राहिलं, हे मला आधी अशक्य वाटलं, म्हणून शोधलं. १९९७ साली गॅब्रिएला व्हिलिओको आणि सहकाऱ्यांनी इटालियन बोलणाऱ्यांवर एक प्रयोग केला होता. शब्द अगदी ओठावर आहे पण येत नाही, अशा क्षणी त्यांना त्या शब्दाचं लिंग विचारलं. बहुतेकदा ते बरोबर निघालं. त्याआधी १९९५मध्ये 'दांते' या टोपणनावाने नोंदलेल्या एका इटालियन रुग्णाबद्दल लेख आला होता. त्याला वस्तूंची नावं सांगता येत नसत, तरी त्या न सापडलेल्या नावांचं लिंग तो सांगे. म्हणजे डोक्यात शब्दाचा आवाज एका खणात आणि त्याचं व्याकरण दुसऱ्या खणात असावं. आजीचा पहिला खण रिकामा होतोय. काकीला यातलं काही सांगितलं नाही. तिची पद्धत त्याशिवायच चालते, आणि दहातल्या सात-आठ वेळा वस्तू सापडते.

संध्याकाळी मात्र ती पद्धत चालत नाही. पर्यटकांच्या गाड्या मालवणकडे परतायला लागतात, आजी ओट्यावर येऊन बसते आणि विचारते, "बोलवला?"

कोणाला? तेका बोलवला, तिका बोलवला, दोन्हीकडे 'ला'च. मुंबईतला मोठा काका असेल, कुडाळला दिलेली आत्या असेल, अकरा वर्षांपूर्वी गेलेले आजोबाही असतील. वस्तू शोधताना निदान तीन रांगा असतात. इथे एकच रांग, आणि तिच्यात सगळे उभे. "कोणाक?" असं मी एकदा विचारून पाहिलं. ती माझ्याकडे बघत राहिली. नाव आणायला गेली आणि तिथेच थांबली. तेव्हापासून विचारत नाही.

काकी तांदूळ निवडत असते. मान वर न करता ती म्हणते, "होय, बोलवला. येतत."

'येतत' एकाला चालतं, अनेकांना चालतं, बाईला आणि बाप्याला चालतं. आजी पदर सारखा करते आणि रस्त्याकडे बघत बसते.