राजूर घाट, पाऊस आणि समोरची काच

मलकापूर स्टेशनवर उतरून बुलढाण्याला जायचे म्हणजे सुमारे 45 किलोमीटरचा रस्ता. मोताळ्यापर्यंत तो बऱ्यापैकी सपाट आहे. पावसाळ्यात दोन्ही बाजूंना कपाशी, मका, सोयाबीन. मग राजूर येते आणि अजिंठ्याची डोंगररांग समोर उभी राहते. घाट चढून वर येईपर्यंत गाडी सुमारे 400 मीटर उंची गाठते. खाली मलकापुरात घाम फुटत असतो, वर बुलढाण्यात अंगावर शाल घ्यावीशी वाटते. जुलै-ऑगस्टमध्ये घाटात ढग उतरले की झाडे, दरी, झरे सगळे अर्धवट दिसते. मागच्या सीटवरून पाहायला फार सुंदर. गाडी चालवणाऱ्याला मात्र त्या वेळी एकच गोष्ट महत्त्वाची असते: समोरची काच.

आपल्याकडचा प्रवास कसा असतो ते सांगायला नको. कुणाच्या वलीम्याला निघालो की पाच जणांच्या गाडीत सात जण, मांडीवर दोन लेकरे. पावसात भिजलेले बुरखे, पायाशी ओल्या छत्र्या आणि मागे कपड्यात गुंडाळलेला गरम बिर्याणीचा डबा. काचा बंद. घाटाच्या दुसऱ्या-तिसऱ्या वळणावर समोरची काच पांढरी होऊ लागते आणि चालवणारा हाताच्या पंजाने ती पुसतो. हाताचा तेलकटपणा काचेवर बसतो. समोरून ट्रक आला की त्याच्या दिव्यांचा उजेड त्या फराट्यांवर पसरतो आणि दोन क्षण काहीच दिसत नाही. ताशी 60 किलोमीटर वेगाने गाडी एका सेकंदात जवळजवळ 17 मीटर पुढे जाते. घाटात वेग त्याच्या निम्मा धरला तरी दोन सेकंदांत एक वळण संपते. त्या वळणावर मागचा दिवा नसलेली मोटारसायकल किंवा बैलगाडी असू शकते, डोक्यावर पोते घेऊन चालणारा माणूसही असू शकतो.

वाफ धरते कशी, ते समजून घेतले तर उपाय आपोआप सुचतो. 30 अंश तापमानाची एक घनमीटर हवा सुमारे 30 ग्रॅम बाष्प सामावून घेते. तीच हवा 20 अंशांपर्यंत थंड झाली की तिच्यात जेमतेम 17 ग्रॅम मावते. उरलेले पाणी जवळच्या थंड वस्तूवर बसते. घाट चढताना पावसाने काच बाहेरून थंड होते, आत सात जणांचा श्वास आणि बिर्याणीची वाफ. म्हणून चढताना काच आतून धुरकटते.

उतरताना याच्या उलट होते, आणि ते पुष्कळांना चकवते. वरून गार हवा खात, एसी जोरात ठेवून गाडी राजूरकडे उतरते. खालची हवा उष्ण आणि दमट. आता वाफ थंड काचेच्या बाहेरच्या बाजूवर बसते. आतून कितीही पुसा, फरक पडत नाही. बाहेरून वायपर एकदा फिरवला की लगेच साफ. शंका आली तर काचेच्या कोपऱ्यात आतून बोट लावून पाहावे. रेघ उमटली तर वाफ आत आहे.

आतल्या वाफेवर सर्वांत चांगला उपाय एसीच, थंडीच्या दिवशीसुद्धा. एसी हवा गार करता करता तिच्यातले पाणी काढून घेतो. उभ्या गाडीखाली जे पाणी ठिबकते ते तेच. पण होते काय, एसी लावला की मागून खाला म्हणतात, “अरे बेटा, बंद कर ते, लेकराला सर्दी होईल.” खालांचेही बरोबर आहे. अशा वेळी एसी बंद न करता तापमानाचे बटण गरमकडे फिरवावे आणि हवेचा झोत समोरच्या काचेवर सोडावा. हवा कोरडी राहते आणि गारठाही वाजत नाही. गाडीच्या चित्रात गोल वळलेला बाण असलेले बटण बंद ठेवावे, नाहीतर तीच दमट हवा आतल्या आत फिरत राहते. बाहेरून वाफ बसली तर वायपर फिरवावा, एसीची थंडी कमी करावी आणि झोत काचेवरून काढून पायाकडे वळवावा. जुन्या जीपमध्ये एसी नसतो. तिथे दोन्ही बाजूंच्या काचा दोन-दोन बोटे खाली ठेवाव्यात. बाही थोडी भिजेल, भिजू द्यावी.

पुसायचेच असेल तर गाडीत एक स्वच्छ सुती कपडा फक्त काचेसाठी ठेवावा आणि तो चालवणाऱ्याच्या शेजारी बसणाऱ्याकडे द्यावा. हे काम घरातल्या बाईने किंवा मोठ्या मुलाने घ्यावे. चालवणाऱ्याचे दोन्ही हात स्टिअरिंगवरच राहिले पाहिजेत. काच पुसायला रद्दी पेपरही चांगला, पण उर्दू पेपर आपल्या घरांत त्यासाठी कुणी घेत नाही, त्यात कुठे अल्लाहचे नाव असायचे. मराठी पेपरने काम होते.

आता बाहेरची बाजू. विदर्भातले ऊन वायपरच्या रबराचे काय करते ते पाहायचे असेल तर मे महिन्यात ते बोटाने वाकवून बघा. एप्रिल-मे भर उन्हात उभ्या असलेल्या गाडीचे रबर कडक होऊन भेगाळते. मृगाचा पहिला पाऊस आला की ते पाणी पुसण्याऐवजी धूळ, डिझेलचा धूर आणि किडे यांचा लेप काचभर पसरवते. चिखलीकडे किंवा देऊळघाटकडे जाताना ट्रॅक्टर शेतातून थेट रस्त्यावर येतात. त्यांच्या चाकांची काळी माती ओली झाली की काचेवर चिकट शिंतोडे उडतात. कोरड्या काचेवर वायपर फिरवला तर हीच माती चरे पाडते. आधी पाण्याची पिचकारी, मग वायपर. म्हणून रोहिणी नक्षत्र लागले की रबर बदलून घ्यावे. काही शे रुपयांचा खर्च आहे. पिचकारीच्या टाकीत पाणी भरून त्यात शाम्पूचे दोन थेंब टाकावेत. चालू स्थितीतला वायपर असणे केंद्रीय मोटार वाहन नियम, 1989 प्रमाणे बंधनकारकही आहे.

वायपरचे पहिले उपयोगी पेटंट एका बाईच्या नावावर आहे, हे मुलींना जरूर सांगावे. अमेरिकेतल्या अलाबामाच्या मेरी अँडरसन यांना ते 1903 मध्ये मिळाले. तेव्हा चालक काच पुसायला गाडी थांबवून खाली उतरत.

जुने ट्रकवाले वायपर बंद पडला की काचेवर तंबाखू चोळतात, कुणी कापलेला बटाटा. याने पाण्याचे थेंब गोळा न होता पसरतात आणि थोडा वेळ दिसते. पुढच्या गावापर्यंत पोहोचायला ठीक. रॉकेल मात्र लावू नये, त्याचा तेलकट थर राहतो आणि रात्री घात करतो.

समृद्धी महामार्गावर मेहकर-सिंदखेडराजा भागात वळणे नाहीत, पण पुढच्या ट्रकच्या चाकांतून उडणारा तुषार वायपरच्या आवाक्याबाहेर असतो. तिथे अंतर वाढवणे हाच उपाय. खामगावहून बोथ्याच्या जंगलातून येणाऱ्यांनी तर ज्ञानगंगा अभयारण्य आहे हे ध्यानात ठेवून हळूच यावे. टिपेश्वरहून चालत निघालेला वाघ 2019 मध्ये इथेच येऊन थांबला होता; नीलगायी तर नेहमीच्याच.

आणि सगळे करूनही दिसेना, तर थांबावे. पण घाटातल्या वळणावर नाही. मागून येणाऱ्यालाही दिसत नसते. चढायला निघण्याआधीच वर ढग काळे दिसले तर मोताळ्यात चहा घ्यावा, लेकरांना खाऊ घालावे, नमाजची वेळ असेल तर ती अदा करावी. घाटातला जोराचा पाऊस बहुधा अर्ध्या-पाऊण तासात ओसरतो. वलीम्याला उशीर होणार असेल तर फोन करून कळवावे. बिर्याणी वर गेल्यावर पुन्हा गरम करता येते.