भाड्याचा गाळा

मावशीचा गोडा मसाला आणि मेतकूट ऑनलाइन विकायचं ठरलं, तेव्हा घरातला इंजिनिअर म्हणून प्लॅटफॉर्म निवडायचं काम माझ्याकडे आलं. तिचा प्रश्न एकच होता, "महिन्याला किती जाणार?"

शॉपिफाय, बिगकॉमर्स, विक्स हे सगळे भाड्याचे गाळे. सर्व्हर, सुरक्षा, अपडेट मालक बघतो. आपण माल मांडायचा. टोबी लुट्के 2004मध्ये कॅनडात स्नोबोर्ड विकत होता. मनासारखं सॉफ्टवेअर मिळेना म्हणून त्याने स्वतःच लिहिलं, आणि 2006मध्ये त्यातूनच शॉपिफाय आलं.

पण नुसत्या भाड्यावर हिशोब संपत नाही. शॉपिफायची स्वतःची पेमेंट सेवा भारतात नाही. दुसरा गेटवे जोडला की त्याची फी वेगळी आणि शॉपिफायची टक्केवारी वेगळी. बिगकॉमर्सवर विक्री ठरावीक मर्यादेपुढे गेली की महागडा प्लॅन घ्यावा लागतो.

मला जास्त काळजी होती ती गाळा सोडण्याची. उत्पादनांची आणि ग्राहकांची यादी सीएसव्हीत निघते. सजावट मात्र शॉपिफायच्या लिक्विड भाषेतली, ती दुसरीकडे लागत नाही. वर्डप्रेसवरचं वूकॉमर्स म्हणजे स्वतःचं घर. पण ते रात्री बंद पडलं तर उठणार कोण? मी पुण्यात, मावशी चिपळूणला.

शेवटी शॉपिफायच घेतलं. मावशी म्हणाली, "गाळा त्यांचा असू दे रे, गिऱ्हाईक आपलं पाहिजे."

आता दर एक तारखेला मी तिला ग्राहकांची यादी पाठवतो. ती वहीत उतरवून घेते.