आजोबा यान चालवतात

मे महिन्याच्या सुट्टीत माझा भाचा आमच्याकडे राहायला आला. सातवीतला. पिशवीतून त्याने जुना लॅपटॉप काढला तेव्हाच माझ्या कपाळाला आठी पडली. वर्गात रोज 'मैदानावर जा रे' म्हणून ओरडणारी बाई मी! पण तो म्हणाला, "आत्या, आधी एकदा खेळून तर बघ. मग रागव."

खेळाचं नाव 'एफटीएल : फास्टर दॅन लाइट'. जस्टिन मा आणि मॅथ्यू डेव्हिस या दोघांनी नोकरी सोडून शांघायमध्ये तो बनवला. त्यासाठी त्यांनी लोकांकडे १०,००० डॉलर मागितले होते, जमले २ लाखांच्या वर! २०१२ साली खेळ बाहेर आला.

पडद्यावर एक छोटं अवकाशयान दिसतं, घराचा नकाशा काढतात ना, अगदी तसं. मागे बंडखोरांचा ताफा लागलेला. आठ विभाग पार करून महत्त्वाची बातमी आपल्या लोकांपर्यंत पोचवायची. गंमत अशी की, यानातली वीज मोजकीच. ढालीला द्यावी तर तोफ बंद, तोफेला द्यावी तर इंजिन मंद. महिनाअखेरीला घर चालवणाऱ्या आयांना हा खेळ मुलांआधी समजेल, असं माझं मत आहे!

खेळ इंग्रजीत आहे आणि भलताच अवघड. यान फुटलं की पुन्हा पहिल्यापासून. पण स्पेसबार दाबला की सगळं जागच्या जागी थांबतं, हवा तेवढा विचार करा. सुरुवात 'ईझी'नेच करा. मी हट्टाने 'नॉर्मल' घेतलं आणि पहिल्याच विभागात संपले.

यानावर सुरुवातीला तिघं असतात. त्यांना आपण नावं देऊ शकतो. भाच्याने तोफेवर स्वतःला ठेवलं, इंजिनावर मला आणि चालक म्हणून आजोबांना. माझे वडील गेल्या वर्षी हॉस्पिटलात होते, तेव्हापासून हा पोरगा त्यांना एकटं सोडत नाही.

एका लढाईत आम्ही दोघं जखमी होऊन यानातल्या दवाखान्यात पडलो होतो. तेवढ्यात प्राणवायूच्या खोलीत आग लागली. "बाहेरची दारं उघड! हवा गेली की आग विझते!" भाचा ओरडला. ज्वलनाला ऑक्सिजन लागतो, हे मीच मुलांना शिकवते. मी घाईघाईने सगळीच दारं उघडली. आग विझली. पण चालकाच्या खोलीतलीही हवा गेली. लक्षात आलं तेव्हा आजोबा मेले होते.

भाच्याने स्पेसबार दाबला. एक शब्द बोलला नाही. उठला आणि ओटीवर जाऊन आजोबांच्या खुर्चीला टेकून बसला. मी मागोमाग गेले. काय बोलावं तेच सुचेना.

"काय रे, हरलात?" आजोबांनी पेपर खाली केला.

"तुम्ही मेलात, आजोबा. आत्याने मारलं."

"असं होय?" त्यांनी माझ्याकडे चष्म्यावरून पाहिलं. "मग आता यान कोण चालवतंय?"

भाचा ताडकन उठला. खरंच की! चालकाशिवाय यान पुढची उडीच घेत नाही. "आत्या, तू इंजिन सोड, पुढे बस!"

आजोबाही आपली खुर्ची ओढत आत आले. पाचव्या विभागापर्यंत गेलो आम्ही त्या दिवशी.